गावातल्या घरगुती खानावळीत नीट जेवायचं असेल तर

दुपारी बाराला ताटावर बसायचं असेल तर चौकशी सकाळी दहाच्या आत करा. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी घरच्याच माणसांनी चालवलेल्या खानावळी असतात, तिथलं बाकी सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. हंडी दिवसातून दोनदाच चढते, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी चारनंतर. मटण सकाळी जेवढं आणलं तेवढंच. पोळ्या करणारे हात दोन, फार तर चार. फ्रीजमधून काढून गरम करून द्यायची पद्धत नाही, त्यामुळे अडीच वाजता पोचून "काय काय आहे?" असं विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, "मटण सरलं जी, अंडा करून देतो." अंडाकरी वाईट नसते. पण तिच्यासाठी वाट वाकडी करून कुणी येत नाही.

दुपारचं जेवण साडेअकरा ते दीड, रात्रीचं साडेसात ते नऊ, या वेळा धरून चला. साडेअकराला पोचलात तर हंडी नुकतीच उतरलेली असते, रस्सा अजून आटलेला नसतो आणि पोळ्या करणारी बाई दमलेली नसते. दीडनंतर तोच रस्सा चार वेळा पाणी घालून वाढवलेला असू शकतो. उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा बऱ्याच घरगुती खानावळी दोनलाच शटर ओढतात. त्यांचंही बरोबर आहे, त्या उन्हात चुलीपुढे उभं राहून बघा.

शोधायची कुठे

हायवेवरच्या 'फॅमिली रेस्टॉरंट'च्या पाट्या सोडून द्या. तिथे पनीर, मंचुरियन आणि सावजी एकाच मेनूकार्डावर असतं आणि तिन्हींना एकाच ग्रेव्हीचा वास येतो. घरगुती खानावळ गावात असते. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, तहसील किंवा पंचायत समितीच्या समोर, बाजार समितीच्या फाटकाजवळ, कोर्टाच्या बाजूला. आसपासच्या खेड्यांतून कामासाठी आलेला माणूस जिथे दुपारी अडकतो, तिथे ती चालते. घराची पुढची खोली, चार-पाच टेबलं, भिंतीवर रंगाने लिहिलेली पदार्थांची यादी. ती यादी पाच-सहा ओळींची असेल तर आत जा. वीस ओळींची असेल तर त्यातले पंधरा पदार्थ आज नाहीतच असं समजा.

"चांगलं हॉटेल कुठे आहे?" असं विचारू नका. समोरचा माणूस तुमची गाडी बघतो आणि तुम्हाला एसी असलेल्या जागी पाठवतो. त्यापेक्षा "तुम्ही बाजाराच्या दिवशी कुठं जेवता?" हा प्रश्न कामाचा. विचारायचा तो बाजार समितीतल्या हमालांना, एसटीच्या चालक-वाहकांना, नाही तर मेडिकल दुकानदाराला. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकच नाव घेतलं की शोध संपला. लॉजच्या काउंटरवर मिळालेल्या सल्ल्यावर मात्र फार विसंबू नये, तिथे कधी कधी मेव्हण्याचाच धाबा निघतो.

समृद्धी महामार्गाने जात असाल तर एक गोष्ट आधीच ठरवा. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता बंदिस्त आहे. इंटरचेंज सोडून कुठेही बाहेर पडता येत नाही, त्यामुळे रस्त्याला लागून गावची खानावळ मिळणारच नाही. कारंजा किंवा मेहकर अशा गावी जेवायचं असेल तर जाणं, जेवण आणि परत येणं मिळून दीड तास हातात ठेवा, आणि खानावळीला निघतानाच फोन करा. जुना मुंबई-कोलकाता हायवे, नागपूर-वर्धा-यवतमाळ रस्ता किंवा हिंगणघाटवरून पांढरकवड्याकडे जाणारा रस्ता असेल तर प्रश्न नाही, गावं रस्त्यालगतच लागतात.

वार आणि महिने

आठवडी बाजाराचा दिवस उत्तम. त्या दिवशी हंडी मोठी चढते, माल ताजा असतो आणि तासाभरात संपतो. फक्त साडेअकराच्या आत बसा, बारा ते अडीच गर्दी असते. कुठल्या गावाचा बाजार कोणत्या वारी हे तिथल्या कुठल्याही चहावाल्याला पाठ असतं.

मांसाहारासाठी बुधवार, शुक्रवार, रविवार हे दिवस धरा. सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच घरं पाळतात. गिऱ्हाईक कमी म्हणून मटण कमी आणलं जातं आणि कधी कधी आदल्या दिवशीचं संपवलं जातं. त्या दिवशी पाटोडी किंवा डाळकांदा मागवणं शहाणपणाचं. आषाढाचा शेवटचा आठवडा म्हणजे आखाडाचा जोर, तेव्हा जागा मिळणं कठीण. श्रावणात कित्येक सावजी खानावळी मांसाहार बंद ठेवतात, काही पूर्णच बंद असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर आणि होळीनंतरची धुळवड हे मटणाचे मोठे दिवस, पण त्या दिवशी खानावळवाला स्वतःच्या घरी पाहुण्यांना जेवू घालत असतो. गावात पोचल्यावर शटर बंद दिसलं तर रागावण्यात अर्थ नाही. घरात लग्न, दहावं, पेरणी, काहीही असलं तरी घरगुती खानावळ बंद राहते, आणि त्याची सूचना फार तर पाटीवर खडूने लिहिलेली असते.

सकाळी : तर्री-पोहे

जेवणाच्या खानावळीत सकाळी काही मिळत नाही. सकाळचं काम पोह्यांच्या गाड्यावर. सहा-साडेसहाला सुरू होतं आणि दहापर्यंत आटोपतं.

नीट बघितलं तर गाड्यावर दोन भांडी असतात. एका मोठ्या कढईत किंवा परातीत पिवळे पोहे, खालून मंद आच. दुसऱ्या पातेल्यात काळ्या हरभऱ्याचा पातळ रस्सा, त्यावर बोटभर लाल तेलाचा थर. तीच तर्री. वाढणारा आधी बशीत पोहे घेतो, मग डाव पातेल्याच्या तळाशी नेऊन हरभरे उचलतो आणि शेवटी डाव वरच्या वर फिरवून तेल घेतो. या शेवटच्या हालचालीतच सगळा तिखटपणा असतो. तिखट कमी हवं असेल तर "तर्री कमी" म्हणण्यापेक्षा "खालचा रस्सा द्या, वरचं तेल नको" असं सांगा. वरून चिरलेला कांदा, शेव, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि लिंबाची फोड.

नवखे लोक इथे दोन चुका करतात. पहिली, फोटो काढत बसतात. पोहे रस्सा पितात, पाच मिनिटांत बशीत लगदा होतो. वेळ लागणार असेल तर "तर्री अलग द्या" म्हणायचं, वाटीत वेगळी मिळते. दुसरी, सगळ्यात शेवटी साडेनऊला जातात. तोवर पोहे कोरडे पडलेले असतात, त्यावर पाण्याचा हबका मारलेला असतो आणि गोळे झालेले असतात. उशीर झालाच तर पोहे सोडा आणि नुकताच तळून निघालेला आलुबोंडा किंवा समोसा रस्श्यात बुडवून मागा. तर्री एकदा वरून मागितली तर सहसा पैसे लागत नाहीत. तिसऱ्यांदा मागू नका, हरभरे मोजूनच शिजवलेले असतात.

गाव बदललं की गाडाही बदलतो. अमरावतीकडे गिला वडा, शेगावला कचोरी, नागपूरच्या बाजूला पुडाची किंवा सांबारवडी. सांबारवडी थंड घेऊ नका. आतली कोथिंबीर तेल धरते आणि थंड झाल्यावर तोंडात फक्त तेल राहतं.

सावजी ताट

सावजी ही मुळात हलबा कोष्टी समाजाची, म्हणजे नागपूर भागातल्या विणकरांची घरची रांधण्याची रीत. विणकामावर पोट भरेना तशी बरीच घरं खानावळीकडे वळली. आज पाटी कुणीही लावतो, म्हणून पाटीवर न जाता रस्श्यावरून ठरवायचं. चांगला सावजी रस्सा काळपट तपकिरी असतो, कारण सुकं खोबरं, खसखस, धणे, शहाजिरं, दगडफूल, जायपत्री हे सगळं तेलावर चांगलं भाजून वाटलेलं असतं. लालभडक रस्सा म्हणजे भाजण्याचं काम मिरचीपुडीवर भागवलं. काही घरं दाटपणासाठी भाजलेल्या ज्वारीचं पीठ लावतात. पूर्वी जवसाचं तेल असायचं, आता सोयाबीनचं. शेंगदाणे आणि तीळही मसाल्यात असू शकतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर बसण्याआधीच स्पष्ट विचारा, कारण वाटण एकदा झालं की त्यातून काही वेगळं काढता येत नाही.

ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. ताट आहे की प्लेट? ताटात किती पोळ्या? रस्सा दुसऱ्यांदा मिळतो का? ताटात पोळ्या, भात, कांदा-लिंबू धरलेलं असतं. प्लेट म्हणजे फक्त पिसेस आणि रस्सा, पोळ्यांचे पैसे वेगळे. खानावळीत भांडणं होतात ती जवळजवळ सगळी इथेच, पैसे द्यायच्या वेळी, आणि त्यात चूक बहुधा न विचारणाऱ्याची असते.

मटण, चिकन, खिमा, कलेजी, अंडा एवढं बहुतेक ठिकाणी असतं. खूर आणि सुंदरी रोज नसते, आणि असली तरी ती सकाळीच संपते. सुंदरी म्हणजे बोकडाची आतडी. ती धुण्याचं काम मोठं असतं, म्हणून नव्या जागी पहिल्याच भेटीत मागवू नका. मटण एकदा खाऊन बघा, हात स्वच्छ आहे असं वाटलं तर पुढच्या वेळी सुंदरी.

आता तिखटाचं. कॅप्सायसिन हा मिरचीतला जाळणारा भाग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून रस्श्यात तो वर तरंगणाऱ्या तर्रीत जमा होतो, आणि म्हणूनच तोंड भाजल्यावर ढसाढसा पाणी प्यायलं तर आग तोंडभर पसरते. उपाय दोन. आधीचा : वाटी पुढ्यात आली की चमच्याने वरची तर्री एका बाजूला काढून ठेवा, खालचा रस्सा खा, आणि तर्री हवी तेवढीच थेंबाथेंबाने परत घ्या. नंतरचा : दही, भात किंवा गूळ. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन तिखट धरून खाली नेतं, म्हणून दही लागू पडतं. मठ्ठा मात्र पाणी कुठलं आहे ते बघून. लिंबू पिळल्याने चव खुलते, आग कमी होत नाही.

सवय नसलेल्याने पहिलं सावजी जेवण दुपारी घ्यावं, रात्री नाही, आणि अर्ध्या प्लेटने सुरुवात करावी. जेवल्यावर चिखलदऱ्याच्या घाटात गाडी घालायची असेल तर अर्धी प्लेटही जास्त.

पोळी की भाकरी? पूर्वेकडे भंडारा-गोंदियात भाताचा मुलूख, तिथे भातच घ्या, आणि मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावातल्या मासळीचा रस्सा मिळाला तर मटण बाजूला ठेवा. फक्त त्या मासळीत बारीक काटे असतात, गाडीत बसून खायची ती गोष्ट नव्हे. पश्चिमेला, वऱ्हाडात, ज्वारीची भाकरी मागा, पण ती थापून हवी असं सांगा आणि दहा मिनिटं थांबा. सकाळी करून फडक्यात गुंडाळलेली भाकरी रस्श्यात बुडवली की तुटून वाटीत पडते. कडा फार चिरलेल्या दिसल्या तर पिठाची विरी गेलेली आहे, म्हणजे पीठ जुनं. तेव्हा मुकाट्याने पोळी मागवा.

पोळ्यांचा आकडा सुरुवातीलाच सांगा. साधा हिशोब आहे : एक तवा, एक पोळी लाटून भाजायला मिनिटभर. चौघांच्या सोळा पोळ्या म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. "अजून दोन, अजून एक" असं करत राहिलात तर तुमचाही रस्सा निवतो आणि शेजारच्या टेबलाचाही.

मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी सावजी पातळ करून मागू नका, पातळ केल्याने तिखट जात नाही. बहुतेक घरांत स्वतःसाठी साधं वरण शिजलेलं असतं. "काकू, लेकरासाठी थोडं साधं वरण मिळेल का?" असं विचारलं तर बहुधा मिळतं. मेनूत नसलेली गोष्ट आहे, म्हणून हक्काने मागायची नाही, आणि त्याचे पैसे घेत नाही म्हणाले तरी द्यायचे.

शाकाहारी असाल तर

पाटोडी रस्सा मागवा. शिजवलेल्या बेसनाच्या वड्या त्याच काळ्या रस्श्यात. वड्या आधीच रस्श्यात सोडून ठेवलेल्या असतील तर विरघळून जातात, म्हणून चांगल्या जागी त्या वेगळ्या ठेवून वाढताना वरून रस्सा घालतात. डाळकांदा हा दुसरा खात्रीचा पदार्थ : हरभऱ्याची डाळ आणि भरपूर कांदा, डाळ अख्खी दिसली पाहिजे पण बोटाने दाबली की मोडली पाहिजे.

खरं सुख हंगामी भाज्यांत आहे, आणि ते पाटीवर लिहिलेलं नसतं. डिसेंबर-जानेवारीत तुरीचे ओले सोले घातलेली वांग्याची भाजी, हिवाळ्यातच हरभऱ्याची कोवळी पालेभाजी, पावसाळ्यात तरोटा, पुढे आंबाडी. "आज घरी काय केलं?" असं विचारलं तरच या भाज्या बाहेर येतात. भाकरीसोबत चून म्हणजे आपलं पिठलं बारा महिने मिळतं आणि सांगितल्यावर दहा मिनिटांत होतं, तेव्हा सगळं संपलेलं असलं तरी उपाशी निघायची वेळ येत नाही.

कडक शाकाहारी माणसाने मात्र सावजीत बसू नये. पातेली वेगळी असतात, पण गर्दीच्या वेळी डाव वेगळा राहीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. शेजारी शुद्ध शाकाहारी भोजनालय जवळजवळ प्रत्येक तालुक्याला असतं.

पाणी आणि पोट

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. भूजलच खारट. त्या पाण्यात डाळ-हरभरे लवकर शिजत नाहीत, चहाची चव वेगळी लागते. प्यायला सवय नसलेल्याने कॅनचं किंवा स्वतःचं पाणी वापरावं. टेबलावरचा जग कॅनमधून भरला की नळाखाली, हे बसल्या जागेवरून दिसतं. बर्फ नको.

जागेची पारख करायला स्वयंपाकघरात डोकावायची गरज नाही. हात धुवायला जा. तिथे साबण आहे का, ताटं कुठे धुतली जातात, दुसऱ्या पाण्यातून काढतात का, आणि धुतल्यावर त्याच ओल्या फडक्याने पुसतात का, एवढं बघा. ओलं फडकं ही सगळ्यात वाईट गोष्ट. धुतलेलं ताट निथळत ठेवलेलं असेल आणि ओलंच पुढ्यात आलं तर उलट बरं. हंडी मंद आचेवर सतत गरम असेल तर रस्सा दोन तासांनीही चालतो. कोमट भात मात्र धोक्याचा. शिजवतानाही न मरणारे जंतू भातात असतात, ते कोमटपणात वाढतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून रात्री नऊला दुपारचा भात आला असं वाटलं तर बाजूला सारा. कांदा समोर चिरून मागा. कापून ठेवलेली काकडी आणि ओली चटणी पावसाळ्यात खाऊ नका. सावजी खाऊन बिघडलं असं आपण म्हणतो, पण पोट बिघडवायला बहुधा उकळता रस्सा नसतो कारण, ताटाच्या कडेचं कच्चं असतं.

आठ-दहा जण असतील तर

न सांगता दहा जण जाऊ नका. बाकीच्या रोजच्या गिऱ्हाइकांचं जेवण तुम्ही खाऊन टाकता, आणि तरी तुम्हाला पुरत नाही. आदल्या संध्याकाळी फोन करा, कारण मटण सकाळीच आणलं जातं. हाडासकट एक किलो मटण पाच-सहा जणांना पुरतं. पोळ्या माणशी तीन ते चार, सोबत भात असेल तर तीन. आकडा फुगवून सांगू नका आणि ऐनवेळी तीन माणसं कमी करू नका. थोडी रक्कम आगाऊ पाठवली तर समोरचा निश्चिंत होतो.

'ऑर्डरप्रमाणे गावरानी चिकन बनवून मिळेल' अशी पाटी दिसते, तिचा अर्थ किमान दोन तास आधी सांगा असा आहे. गावरान कोंबडा चिवट, त्याला मंद आचेवर तास-दीड तास लागतो. घाई केली की कुकरच्या शिट्ट्या होतात, मांस हाडावरून सुटतं पण मसाला आत जात नाही. काही ठिकाणी माल तुम्ही आणायचा आणि किलोमागे बनवणावळ द्यायची अशी पद्धत असते. त्यात तेल-मसाला धरला आहे का, आणि पोळ्या वेगळ्या का, हे आधी बोलून घ्या. कोंबडा जिवंत असतानाचं वजन आणि साफ केल्यानंतरचं वजन यात बराच फरक पडतो, आणि भाव कोणत्या वजनावर हेही तेव्हाच.

बसणं, उठणं, पैसे

बाईला काकू किंवा ताई, माणसाला भाऊ, वयस्क असेल तर काकाजी. "जेवाले बसा जी" असं म्हणाले की बसायचं, टेबल निवडत फिरायचं नाही. तिकडची बोली ऐकून लगेच 'काय बे' सुरू करू नका. ते बरोबरीच्या मित्रांत चालतं, गल्ल्यावर बसलेल्या साठीच्या माणसाला चालत नाही. साधी मराठी सगळ्यांना कळते, हिंदीही.

टेबल रिकामं नसेल तर अनोळखी माणसासमोर बसावं लागेल, त्यात काही वावगं नाही. बायका सोबत असतील तर बहुतेक ठिकाणी आतली खोली किंवा कोपऱ्यातलं टेबल देतात. स्वच्छतागृहाची अपेक्षा ठेवू नका. गावात शिरण्याआधी मोठ्या पेट्रोलपंपावर थांबून घ्या. बाटली सोबत नेऊ नका. घरची माणसं वावरतात तिथे ते कुणाला आवडत नाही, आणि वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे.

बिल कागदावर येत नाही. मालक तोंडी हिशोब करतो, तेव्हा पोळ्यांचा आकडा तुम्हीही लक्षात ठेवा. क्यूआर कोड जवळजवळ सगळीकडे आहे, पण नेटवर्क असेलच असं नाही. दहा, वीस, पन्नासच्या नोटा खिशात ठेवा. पाचशेची नोट सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने काढली तर मालकाला सुट्यासाठी शेजारच्या दुकानात पळावं लागतं. टीप ठेवायची रीत नाही. मुलगा शाळेतून येऊन वाढत असेल तर त्याच्या हातात पैसे देऊ नका, गल्ल्यावर द्या.

पार्सल

रस्सा पार्सल नेताना स्वतःचा स्टीलचा डबा द्या. गरम तेलकट रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतात आणि ती पिशवी खड्ड्यात फुटते, शिवाय उकळत्या तेलाला प्लॅस्टिक लावणं बरंही नाही. डबा काठोकाठ भरू देऊ नका, दोन बोटं जागा ठेवा, नाहीतर झाकणातून तर्री बाहेर येते आणि गाडीच्या सीटवरचा तो डाग निघत नाही. पोळ्या वेगळ्या, कागदात, आणि पूर्ण निवल्यावरच गुंडाळा. गरम बांधल्या तर घाम धरून चिकटतात. हिवाळ्यात मटणाची चरबी थिजून वर पांढरा थर येतो. त्याला खराब झालं समजून फेकू नका, उकळी आणली की विरघळतो. मात्र ती उकळी खळखळून आली पाहिजे, कडेने बुडबुडे दिसले म्हणजे झालं असं नाही. दुपारी घेतलेलं पार्सल त्याच रात्री संपवायचं. उन्हाळ्यात बंद गाडीत चार तास राहिलं असेल तर घरी नेऊन उपयोग नाही, टाकून द्या.